तुळईखाली मामंजी आणि मी

माझ्या सासरच्या घरात पुढल्या खोलीला मधोमध खळगा होता. सारवलेल्या जमिनीत नव्हे, लाकडी जमिनीत. आख्खी खोली परातीसारखी मध्यावर खाली गेलेली. लग्न होऊन आले त्या दिवशी मला पाटावर बसवून ओटी भरली, तर ओटीतला नारळ सुटला तो गडगडत थेट खोलीच्या मध्यावर जाऊन थांबला. आता बायका अपशकुन म्हणतील, असं वाटलं. पण सासूबाईंनी शांतपणे नारळ उचलून परत ओटीत ठेवला आणि जरा घट्ट धर म्हणून सांगितलं. त्या घरात जे हातातून सुटेल ते मध्यावर जायचं. त्यात नवल वाटण्यासारखं कुणालाच काही उरलं नव्हतं.

सगळ्यांनी आपापली सोय लावून घेतली होती. टीव्हीच्या टेबलाच्या दोन पायांखाली लाकडाचे तुकडे होते. जेवताना ताटाखाली एका अंगानं वाटी पालथी सारायची, नाहीतर आमटी भातातून निघून भाजीला जाऊन मिळायची. सुट्टीला पाहुणी पोरं आली की रात्री भिंतीकडेला ओळीनं झोपायची आणि सकाळी मध्यावर एका ढिगात सापडायची.

खळगा का पडला, हे समजायला आधी घर कसं होतं ते सांगायला हवं. डिंभ्याच्या धरणाचं पाणी चढलं त्यात सासऱ्यांचं जुनं घर गेलं. मी त्यांना मामंजी म्हणायची. पाणी यायच्या आत मामंजींनी घर उतरवून घेतलं होतं. तुळया, कड्या, फळ्या, खांब, सगळं लाकूड बैलगाडीनं वर आणलं आणि डोंगराच्या उतारावर नवं घर बांधलं. उतारावरचं घर म्हणजे मागून जमिनीला टेकलेलं आणि पुढून जोतं छातीएवढं उंच. ती मधली पोकळी मुरूम टाकून भरायची, तर मुरूम लांबून आणावा लागणार. लाकूड मात्र अंगणात ढिगानं पडलेलं. मग मामंजींनी पोकळी तशीच ठेवली. मधोमध एक जाड तुळई आडवी टाकली, तिच्या पोटाला मध्यावर एक टेकू दिला, तुळईवर ओळीनं कड्या आणि कड्यांवर फळ्या. झाली पुढली खोली. खाली हवा खेळावी म्हणून जोत्याच्या बाजूला एक चौकोनी भोक ठेवलं. त्यातून हवा किती खेळली ठाऊक नाही, कोंबड्या मात्र मनसोक्त खेळल्या.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मला सासरी येऊन दोन वर्षं झाली होती. धाकट्या नणंदेचं, आमच्या वन्संचं, लोणीच्या एका घरात जमलं. साखरपुडा आमच्याकडं, पाडव्यानंतर, असं ठरलं. पाहुणे बसणार कुठं, तर पुढल्या खोलीत. सासूबाई रोज खोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहून खळग्याकडं बघायच्या आणि सुस्कारा सोडायच्या. मामंजी म्हणायचे, एवढी वर्षं काय झालं न्हाई, आता काय हुतंय.

मग एका दुपारी सासूबाई पापडांची परात डोक्यावर घेऊन खोलीतून निघाल्या. मध्यावर आल्या आणि कडकन फळी मोडली. त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. खालून कोंबड्यांनी जो काही आकांत मांडला, तो चावडीपर्यंत ऐकू गेला असेल. आम्ही धावलो. सासूबाई एका पायावर बसल्यासारख्या, दुसरा पाय जमिनीच्या पोटात, आणि दोन्ही हातांनी परात तोललेली. चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

"आदी परात घ्या," त्या म्हणाल्या. "पाय कुटं जात न्हाई."

परात घेतली, मग सासूबाईंना काढलं. थोडं खरचटलं होतं, बाकी काही नाही. पण परात सुखरूप ठेवून वन्सं जे हसायला लागल्या ते त्यांना थांबताच येईना. खाली अंगणातून त्यांनी भोकातून पाहिलं होतं म्हणे. काळोखात आईचा एकटा पाय लोंबतोय, पैंजण हलतंय, आणि त्याच्याभोवती कोंबडा गोल गोल फिरतोय. सासूबाई आधी रागावल्या, मग त्यांनाही हसू आलं. मामंजी मात्र हसले नाहीत. बॅटरी घेऊन ते भोकाशी ओणवे झाले आणि बराच वेळ आत बघत राहिले.

स्वयंपाकघरातल्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं खाली झिरपत होतं. टेकूखालचा दगड त्या ओलीत रुतला होता, टेकूचा बुडखा कुजला होता, तुळई त्याच्याबरोबर खाली आली होती आणि वरच्या दोन कड्यांना मधूनच तडा गेला होता. गावातले सुतार नारायणगावला बंगल्यांच्या कामावर गेलेले. अक्षय्यतृतीया झाल्याशिवाय येणार नाहीत, असा निरोप आला. मामंजी म्हणाले, आपणच करू.

माझं माहेर जुन्नरचं. आमच्या घरासमोर लाकडाची वखार होती. लहानपणी मी तिथून भुशाची पोती ओढत आणायची, म्हणून वखारीचे चाचा मला चांगलं ओळखत. नव्या कड्या आणायला नवऱ्याबरोबर मीच गेले. चाचांनी ऐनाच्या लाकडाच्या दोन सरळ कड्या निवडून काढल्या, मोडलेल्या फळीच्या जागी एक फळी आणि लांब बोल्ट दिले. जुन्या कड्या काढू नका, त्यांना लागून नव्या बसवा आणि दोन्ही मिळून आवळा, असं त्यांनी सांगितलं. तुळई उचलायची तर रोज बोटभरच. एका दिवसात उचलली तर भिंती बोंबलतील. एवढं सांगून त्यांनी माझ्या नवऱ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "खाली शिरणार कोण?"

तो प्रश्न मला तेव्हा कळला नाही. कळला दुसऱ्या दिवशी.

आमचे हे तेव्हा मंचरला दुकान सांभाळायचे. दुकानात बसून अंग चांगलंच सुटलं होतं. शेजारच्या जीपवाल्याकडून जॅक मागून आणला, बाटलीसारखा, दांडा मारला की वर सरकणारा. यांनी सदरा काढला, बॅटरी तोंडात धरली आणि दोन्ही हात पुढं करून भोकात शिरले. खांदे गेले. छाती गेली. पोटाशी येऊन गाडी थांबली. पुढं जाईना, मागं येईना. आतून आवाज आला, पण तोंडात बॅटरी असल्यामुळं कुणाला काही समजेना. मामंजींनी एक पाय धरला, मी दुसरा, सासूबाईंनी माझ्या कमरेला मिठी मारली आणि आम्ही ओढलं. हे बाहेर आले, तसे आम्ही तिघं अंगणात एकमेकांवर पडलो. सासूबाई सगळ्यात खाली. यांचं पोट दोन्ही बाजूंनी खरवडून लाल झालं होतं. मोरीचं पाणी लांब न्यायचा पाइप मी टाकतो, एवढंच ते बोलले आणि आत निघून गेले.

मामंजी काटकुळे. ते आरामात शिरले. पण आत एकट्याचं काम नव्हतं. एकानं जॅकचा दांडा मारायचा, दुसऱ्यानं बॅटरी धरायची आणि तुळई जशी उचलेल तसे खाली ठोकळे सारत जायचे. सासूबाईंचे गुडघे दुखायचे. वन्संना साखरपुड्याच्या तोंडावर खरचटून घ्यायची मनाई. सगळ्यांच्या नजरा फिरून माझ्यावर आल्या. मी तेव्हा शेवग्याच्या शेंगेसारखी होते.

आता अडचण अशी, की मी मामंजींशी एक शब्दही बोलत नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. सुनेनं सासऱ्यासमोर पदर घ्यायचा आणि थेट बोलायचं नाही. मी जुन्नरच्या बाजारपेठेत वाढलेली, दिवसभर तोंड चालणारी मुलगी. पण मामंजी दिसले की माझी बोबडी आपोआप वळायची. चहा झाला, हे मी सासूबाईंना सांगायची आणि सासूबाई समोरच बसलेल्या मामंजींना सांगायच्या. त्यांनाही कधी काही हवं असलं तर ते भिंतीकडं बघून म्हणायचे, कुनीतरी पानी आना. दोन वर्षं आमचा व्यवहार असा भिंतीमार्फत सुरळीत चालला होता.

वन्संची सलवार घालून आणि ओढणी डोक्याला घट्ट बांधून मी आत शिरले. आत काळोख. पुढच्या बाजूला वाकून बसता येत होतं, मागं सरकावं तशी फळ्या आणि जमीन जवळ येत जाऊन शेवटी पालथं पडूनच हलावं लागायचं. कोंबड्यांची पिसं नाकातोंडात जात होती. वरच्या फटींतून पडून हरवलेल्या कितीतरी वस्तू तिथं होत्या. गोट्या, बटणं, वन्संचं एक कानातलं, एक चमचा, आणि मामंजींचा एक जुना चष्मा, ज्याच्यावरून म्हणे घरात कधीकाळी मोठी भांडणं झाली होती. मामंजींनी तो उचलला, पुसला, घालून पाहिला आणि खिशात ठेवला.

मग काम सुरू झालं. मामंजी तुळईच्या एका अंगाला, मी दुसऱ्या. आमच्यात हातभर अंतर. हे वर खोलीत फळीशी कान लावून बसलेले. मला वाटलं ठोकळा उजवीकडं सरकवायला हवा. मी मान वर करून फळीला म्हणाले, "मामंजींना सांगा, ठोकळा जरा उजवीकडं."

वरून हे ओरडले, "आबा, ती म्हनती ठोकळा उजवीकडं."

मामंजींनीही फळीकडं बघत उत्तर दिलं, उजवीकडं दगड आडवा येतोय म्हनावं. हे वरून मला म्हणाले, दगड आडवा येतोय म्हणतात. हे असं बराच वेळ चाललं. हातभर अंतरावरचं बोलणं छताला जाऊन परत यायचं, आणि मध्ये यांना एखादा शब्द नीट ऐकू आला नाही तर भलतंच होऊन यायचं. मी पाचर मागितली, तर मामंजींपर्यंत भाकर गेली. ते गोंधळून म्हणाले, एवढ्यात भूक लागली व्हय तिला.

मग हे चहा घ्यायला म्हणून उठून गेले, आणि नेमका तेव्हाच जॅक तिरपा झाला. ठोकळा सारखा करायला घातलेला मामंजींचा हात ठोकळा आणि तुळईच्या मध्ये होता. जॅक सुटतोय हे मला दिसलं, त्यांना दिसलं नव्हतं. वर सांगायला कुणी नव्हतं.

"हात काढा!" मी ओरडले.

त्यांनी झटकन हात ओढला. जॅक आडवा पडला आणि तुळई धपकन ठोकळ्यावर बसली. वरून धुळीचा लोट आमच्यावर आला. तुळईची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती म्हणजे मी सासऱ्यांवर ओरडले होते, तेही आज्ञा केल्यासारखं. धूळ खाली बसली. बॅटरीच्या उजेडात मामंजींचा चेहरा दिसला. भुवयांवर, मिशांवर, सगळीकडं धूळ आणि एका कानामागं कोंबडीचं पीस.

"दोन वरसं झाली घरात येऊन," ते हळूच म्हणाले, "आन पहिला शब्द काय, तर हात काढा."

मला आधी कळेना की ते रागावलेत का काय. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. ते हसत होते. आवाज न करता, पालथे पडून, सगळं अंग गदगदत. मी ओढणी तोंडात कोंबली, पण हसू नाकातून फुटलं. एकदा फुटलं ते थांबेना. मामंजी जमिनीवर हात आपटायला लागले. मी हसताना डोकं वर केलं ते कडीला आपटलं, आणि ते बघून त्यांना आणखी जोर आला. वरून सासूबाईंनी घाबरून विचारलं, काय झालं, कुनाला लागलं का? मामंजींना उत्तर देता येईना. मीच ओरडून सांगितलं, काही नाही, मामंजी हसतायत. वर सासूबाईंना दोन गोष्टी एकदम पचवायच्या होत्या, मामंजी हसतायत ही एक आणि ते मी सांगतेय ही दुसरी.

त्या दिवसापासून रोज दुपारी आम्ही खाली जायचो. जॅक आता सपाट दगडावर नीट बसवला होता. बोटभर तुळई उचलायची, ठोकळे सारायचे, एखाद्या दिवशी तडकलेल्या कडीला जोडकडी लावून बोल्ट आवळायचे. कामाला फार वेळ लागायचा नाही, पण आम्ही लवकर बाहेर यायचोही नाही. मामंजी बोलायचे. भिंतीकडं बघून पाणी मागणारा माणूस तुळईखाली एवढा बोलका असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. कडीवर हात ठेवून सांगायचे, ही जुन्या घरात चुलीच्या वर व्हती, म्हनून काळी हाय. त्या तुळईला माझा पाळणा बांधला व्हता. घर उतरवताना तुझ्या सासूनं एकेका फळीवर खडूनं खुणा केल्या व्हत्या, आन मग पाऊस आला, खुणा गेल्या, म्हनून आता कुटली फळी कुटं हाय ते कुनालाच ठावं न्हाई. हे सांगून ते पुन्हा हसायचे. मी त्यांना जुन्नरच्या गमती सांगायची. चाचांच्या वखारीत लपाछपी खेळताना मी भुशाच्या पोत्यात झोपून गेले आणि पोतं गिऱ्हाइकाच्या गाडीत चढलं, ती गोष्ट त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतली.

गंमत अशी, की भोकातून बाहेर आलं की आम्ही परत पहिल्यासारखे. मी डोक्यावर पदर घ्यायची, ते भिंतीकडं बघायचे. अंगणात ओळख नसल्यासारखी. मग संध्याकाळी ते उगाच म्हणायचे, खाली एकदा बघून आलं पायजे, ठोकळा हलला असंल. आणि मी बॅटरी शोधायला लागायची. सासूबाई आमच्याकडं बघत राहायच्या.

वर घरही बदलत होतं. जमीन बोटबोट वर येत होती. जुन्या उताराच्या हिशोबानं तासलेलं दार आता चौकटीत बसेना, आणि हे रोज संध्याकाळी रंधा घेऊन त्याच्याशी झटायचे. टीव्ही उलट्या बाजूनं कलला. सगळ्यात मोठा घोटाळा आमच्या चालण्याचा झाला. इतक्या वर्षांच्या सवयीनं पाय खळग्याच्या हिशोबानं पडायचे आणि खळगा तर उरला नव्हता. सासूबाई खोलीतून जाताना होडीतून चालल्यासारख्या डुलायच्या. हे तर एकदा सपाट जमिनीवर अडखळून भिंतीला जाऊन थडकले.

शेवटचं काम उरलं होतं टेकूचं. ठोकळ्यांची रास काढून तिथं बाभळीचा नवा टेकू उभा करायचा. पण बाभूळ तोडून द्यायला ज्यानं कबूल केलं होतं, त्यानं ती साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी आणून टाकली. पाहुणे दुपारच्या एसटीनं येणार होते. सकाळी तासाभराचं काम, म्हणून मामंजी आणि मी आत शिरलो. जॅकवर तुळई घेतली, ठोकळे काढले, नवा टेकू आडवा ओढत आत आणला. एवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

एसटीचा भरवसा नाही म्हणून लोणीच्या मंडळींनी टेम्पोच केला होता. दुपारची माणसं सकाळीच दारात. तुळई नुसत्या जॅकवर होती. सोडून बाहेर पडावं, तर सगळे पाहुणे त्याच्या भरवशावर बसणार. वरून पावलांचा गडगडाट सुरू झाला. या, बसा, पावणं, असं सासूबाई म्हणत होत्या आणि त्यांचा आवाज चिरकत होता. सतरंजीवर माणसं बसत गेली तशा एकेक करून कड्या कुरकुरल्या. व्याही कुठं आहेत, असं मुलाच्या चुलत्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, खाली गेल्यात. खरंच बोलल्या. पाहुण्यांना वाटलं नदीवर.

"दांडा मार," मामंजी माझ्या कानात म्हणाले. "आज मी टेकू धरतो."

टेकू बसायला तुळई अजून जरा उचलायला हवी होती. वर आख्खं वऱ्हाड. मी दांडा मारला. काही हललं नाही. दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून परत मारला. जॅक कण्हला आणि तुळई पाहुण्यांसकट केसभर वर गेली. वर कुणीतरी बोलता बोलता थांबलं. मी परत मारला.

वरून चुलत्यांचा आवाज आला, अगदी गंभीर. "मला काय हुतंय कळंना. वर चालल्यावानी वाटतंय."

कुणीतरी म्हणालं, टेम्पोत बसून आलाय तात्या, गरगरत असंल. सासूबाईंनी घाईनं विचारलं, लिंबूपानी देऊ का? खाली मामंजींनी टेकूला मिठी मारली होती आणि त्यांचं अंग गदगदत होतं. मला त्यांच्याकडं बघायची सोय नव्हती, हसले असते तर दांडा सुटला असता. डोळे मिटले आणि आणखी एकदा मारला. टेकू उभा राहिला. मामंजींनी पाचर लावून हातोडीनं ठोकली. वर कुणी विचारलं, हा ठोका कशाचा? हे म्हणाले, शेजारी काम चाललंय.

आता मामंजींना दुसऱ्या बाजूची पाचर दिसत नव्हती, ती मी माझ्या अंगानं ठोकून बसवली. आणि मला विसर पडला, की वर पाहुणे आहेत, फळ्यांना फटी आहेत, आणि सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नसतं. मी मोठ्यानं म्हणाले, "मामंजी, पाचर घट्ट बसली, आता जॅक सोडा."

वर एकदम सगळं थांबलं. मामंजींनी जॅक सोडला. टेकूनं भार घेतला. एकदाच कर्र असा आवाज झाला, मग काहीच नाही. आम्ही दोघं कान देऊन पडून राहिलो. तुळई जिथल्या तिथं.

बाहेर तर निघावं लागणारच होतं. भोकातून आधी मामंजी निघाले. समोर, पाय धुवायला म्हणून, नवरा मुलगाच उभा होता, नव्या पांढऱ्या शर्टात. त्याच्या पायाशी धुळीनं ओळखू न येणारा एक म्हातारा जमिनीतून उगवला, केसांत पिसं, अंगभर माती. मुलानं वाकून हात दिला आणि मामंजींना उभं केलं. पाठोपाठ मी. मलाही त्यानं हात दिला. मामंजींनी अंग झटकलं आणि शक्य तेवढ्या भारदस्तपणे सांगितलं, की ते मुलीचे वडील.

मुलगा हसला नाही. त्यानं भोकाकडं पाहिलं आणि विचारलं, आत काय केलं? मामंजी सांगायला लागले, जोडकड्या, जॅक, बाभळीचा टेकू. सांगता सांगता त्यांचे हात हलायला लागले. मुलगा म्हणाला, मी बघू का? आणि कुणी नाही म्हणायच्या आत तो पांढऱ्या शर्टासकट आत शिरला. आतून त्याचा आवाज येत होता, लई भारी, लई भारी. तेवढ्यात वन्संनी खिडकीतून खाली पाहिलं. त्यांना दिसले ते फक्त नवऱ्या मुलाचे पाय, भोकातून बाहेर आलेले.

मग साखरपुडा झाला. मुलाच्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत लाल मातीचा पट्टा. मामंजींच्या मिशीत एक पीस शेवटपर्यंत राहिलं, कुणी काढायचं धाडस केलं नाही. वन्संना मान खाली घालून लाजायचं होतं, पण त्यांचे खांदे हलत होते, आणि कुंकू लावणाऱ्या बाईचं बोट नाकावर गेलं. चुलत्यांनी दोन पेले लिंबूपाणी पिऊन बरं वाटतंय म्हणून जाहीर केलं. खरं काय झालं ते मामंजींनी जेवताना सांगितलं, तेव्हा चुलत्यांनी जेवण थांबवून फळीवर हात फिरवला आणि म्हणाले, म्हंजी मी खरंच वर गेलो व्हतो.

पाहुणे गेले तेव्हा उन्हं कलली होती. आम्ही पाचही जण पुढल्या खोलीत जमलो. मी पदर सारखा करून कोपऱ्यात उभी होते, आता बोलणी ऐकावी लागणार म्हणून. सासूबाई माझ्याकडं वळल्या.

"बोलायचंच व्हतं तर आदी बोलायचं," त्या म्हणाल्या. "दोन वरसं तुमचे निरोप मी वाहिले. माझं तोंड दुखलं न्हाई व्हय?"

मामंजी भिंतीकडं बघायला लागले, मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि चहा टाकतेस का म्हणून विचारलं. मी म्हणाले, टाकते, पण आधी जमीन तपासू. माझ्या तोंडून ते कसं निघालं मलाच कळलं नाही. मामंजी उठले, खोलीच्या मध्यावर गेले आणि त्यांनी एक उडी मारली. जमीन ढुम् वाजली आणि तशीच राहिली. मग वन्संनी साखरपुड्याच्या साडीतच उडी मारली. मग मी. मग यांनी, तेव्हा मात्र सगळ्यांनी श्वास रोखला. कप खणखणले, पण तुळईनं हू का चू केलं नाही. शेवटी सासूबाई उठल्या, लुगड्याचा काचा खोचला आणि एका हातानं मामंजींचा, दुसऱ्यानं माझा हात धरला. आम्ही सगळे मिळून नाचल्यासारखे उड्या मारत राहिलो. शेवटी शेजारचा जीपवाला जॅक मागायला आला आणि दारातच उभा राहून बघत राहिला. बराच वेळ त्याला आत बोलवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.